शोभेचे मनोरे

कुणाच्या घरी हात धुऊन टॉवेल परत खुंटीला टांगायची वेळ आली की ती घटना मला आजही आठवते. टांगायच्या आधी मी खुंटी एकदा फिरवून बघतो. आमच्या बायकोला ही सवय लाजिरवाणी वाटते. लोकांच्या घरातल्या खुंट्या कसल्या पिळताय, असं ती मला दोन-तीन लग्नघरांत सगळ्यांदेखत बोलली आहे. तिला मी दर वेळी सांगतो की एका खुंटीनं माझी पस्तीस वर्षांची नोकरी शेवटाला येऊन पाण्यात घातली असती, आणि ते झालं नाही म्हणून मी आज सुखानं पेन्शन खातोय.

मी तेव्हा कोल्हापुरातल्या एका ठाण्याला पोलीस निरीक्षक होतो. निवृत्तीला अडीच-तीन वर्षं उरली होती. आमच्या हद्दीत एक जुना, देखणा बंगला होता. काळ्या घडीव दगडाचा, पुढच्या बाजूनं रांगेत कमानी, वर मधोमध घुमट, आणि पोर्च इतका उंच की हत्ती अंबारीसकट उभा राहावा. एका जहागीरदारांनी आपल्याकडे शिकारीला येणाऱ्या बड्या पाहुण्यांसाठी तो बांधला. पुढे संस्थानं गेली, जहागिरी गेल्या, आणि बंगल्यात सरकारी कार्यालयं आणि गोदामं आली. मी नवखा शिपाई असताना त्याच्या मोठ्या दिवाणखान्यात मतपेट्यांच्या पहाऱ्याला चार दिवस काढले होते. सागवानी तुळयांवर तेव्हा कबुतरं होती आणि रंगीत काचांतून पडणारा उजेड मतपेट्यांवर सरकत जायचा. पुढे बाहेरच्या एका कंपनीनं तो बंगला घेतला, दोन वर्षं खपून दुरुस्त केला आणि तिथं पंचतारांकित हॉटेल काढलं. सागवानावरचा सरकारी हिरवा रंग खरवडून पॉलिश केलं, दगडांच्या सांध्यांत चुना पुन्हा भरला. कोल्हापूरकर सुरुवातीला नुसतं बघायला जायचे आणि चहाचे दर वाचून माघारी यायचे. मीही त्यांतलाच. हा बंगला मला आतून-बाहेरून माहीत आहे, असा मात्र माझा पक्का समज होता.

एका सकाळी साडेदहाच्या सुमारास ठाण्यात फोन आला. हॉटेलात उतरलेली एक वयस्क बाई खोलीतून नाहीशी झाली होती. ठाणे अंमलदारानं स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि मी एक फौजदार, एक महिला हवालदार आणि दोन शिपाई घेऊन निघालो. खरं तर अशा कामाला मी स्वतः जायची गरज नव्हती. म्हातारी माणसं देवळात जातात, रस्ता चुकतात, दुपारपर्यंत सापडतात. पण मोठं हॉटेल म्हटलं की वरून फोन यायला सुरुवात होते, आणि ते फोन घेत ठाण्यात बसण्यापेक्षा जागेवर गेलेलं बरं.

बाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. सत्तरावा वाढदिवस म्हणून मुलगा आणि सून त्यांना पुण्याहून इथं घेऊन आले होते. मुलगा इंजिनिअर, पन्नाशीच्या आतला, घाबरून पांढराफटक पडलेला. त्यानं सांगितलं ते असं. आईनं आयुष्यात स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. या वर्षी मात्र हट्ट धरला की त्या बंगल्यात एक दिवस राहायचं. सकाळी पावणेनऊला तो आणि बायको नाश्त्याला खाली गेले. आई म्हणाली, तुम्ही व्हा पुढे, मी आवरून येते. दहाला ती आली नाही म्हणून ते वर गेले, तर खोली रिकामी. मोबाईल पलंगावर. कानाचं यंत्र टेबलावर. चपला पलंगाखाली.

चपला बघून मला पहिल्यांदा बरं वाटेना. पायात काही न घालता सत्तरीची बाई फिरायला जात नाही. त्यात मुलगा म्हणाला की आईला मधुमेह आहे, सकाळची गोळी तिनं घेतली होती आणि नाश्ता केला नव्हता. साखर उतरली की दोन-तीन तासांत शुद्ध हरपते, हे मला वेगळं सांगायला नको होतं. माझे वडील त्याच दुखण्याचे. म्हणजे हातात वेळ थोडा होता.

आम्ही आधी कॅमेरे पाहिले. वरच्या मजल्याच्या व्हरांड्यात एक कॅमेरा, नेमका त्या खोलीच्या दारावर. पावणेनऊला मुलगा-सून बाहेर. नऊ दहाला रूमबॉय कापडांची मोठी चाकगाडी घेऊन आत. नऊ पंचवीसला तो बाहेर, गाडीत वर आलेला चादरींचा ढीग. दहाला मुलगा आत. मधे दुसरं कुणी नाही. बाई त्या दारातून बाहेर पडल्याच नव्हत्या. खिडक्यांना गज होते.

मॅनेजर तिशीतला, कोट घातलेला, कोल्हापूरचा नव्हे. मी त्याला इमारतीची माहिती विचारली आणि चूक केली. घुमटाची उंची, काचा कुठल्या देशातून बोटीनं आल्या, फरशी कुठली, तुळया कुठल्या जंगलातल्या, हे त्यानं पाठ केलेलं सगळं म्हणायला सुरुवात केली. हॉटेलची एक चकचकीत पुस्तिकाही माझ्या हातात दिली. मी म्हटलं, "इतिहास राहू दे. या इमारतीला दारं किती, तेवढं सांगा."

त्यानं चार सांगितली. पुढचं, बागेकडचं, स्वयंपाकघराचं आणि आगीच्या वेळी वापरायचं. चारही दारांवर कॅमेरे. मी त्याला इमारतीच्या मागच्या अंगाला घेऊन गेलो. तिथं भिंतीला चिकटून चार बारीक मनोरे उभे होते, माणूस दोन्ही हात पसरेल एवढ्याच रुंदीचे, खालपासून वरपर्यंत दगडी, अधूनमधून वीतभर झरोका. मी बोट दाखवून विचारलं.

"ते शोभेचे आहेत सर," तो म्हणाला. पुस्तिकेतही तसंच छापलं होतं. मी ते मान्य केलं आणि माझ्या वहीत चार दारं लिहिली. मनोऱ्यांच्या पायथ्याशी आता लाँड्रीची पत्र्याची शेड होती आणि आत मोठी धुलाई यंत्रं इतकी घरघरत होती की आम्हाला ओरडून बोलावं लागत होतं.

मॅनेजरनं आणखी एक गोष्ट सांगितली, तीही मी कानाआड केली. बाईंनी खोली मुद्दाम मागच्या अंगाची मागितली होती. पुढची बागेकडची खोली मोकळी होती, त्याच भाड्यात देतो म्हणाले तरी घेतली नाही. शांतता हवी असेल, असा मी अर्थ लावला.

खोलीची आम्ही दोनदा झडती घेतली. पलंगाखाली, कपाटात, माळ्यावर. न्हाणीघर केवढं तरी मोठं, आमच्या पोलीस लाईनीतल्या एका खोलीएवढं. संगमरवरी टब, आणि एका भिंतीला छातीच्या वरपर्यंत सागवानी फळ्यांची तक्तपोशी. तिचे पाच चौकोन, एकसारखे, प्रत्येकावर एक पितळी खुंटी, चौथ्या खुंटीवर टॉवेल. बाथरूमचं दार सकाळी लोटलेलं होतं, म्हणून रूमबॉय आत गेला नव्हता असं तो म्हणत होता. मला घाम फुटला होता. मी तोंड धुतलं, टॉवेल घेतला, तोंड पुसलं आणि नीट घडी करून त्याच चौथ्या खुंटीवर परत टांगला. शिस्तीचा माणूस ना मी. श्वानपथक त्या दिवशी बंदोबस्ताला परगावी गेलेलं होतं, नाहीतर कुत्र्यानं माझी अब्रू तिथंच काढली असती.

राहिला रूमबॉय. पंचेचाळिशीच्या, मिशा पिकलेल्या बाप्याला हॉटेलात बॉय म्हणतात हे मला तिथं कळलं. गडी कोडोलीचा, शेतकरी घरातला. आत गेलेला तो एकटा, आणि बाहेर आली ती चादरींनी भरलेली त्याची गाडी. त्या गाडीत लहानखुरी बाई मावते का, हे मी माझ्या बारीक अंगाच्या शिपायाला बसवून पाहिलं. मावत होती.

मी त्याला विचारलं, खोलीतून निघून कुठं गेलास. म्हणाला, सरळ लाँड्रीत. तीनदा विचारलं, तिन्ही वेळा सरळ लाँड्रीत. पण लाँड्रीच्या दारावरचा कॅमेरा त्याला नऊ त्रेचाळीसला आत जाताना दाखवत होता. वरच्या मजल्यावरून लाँड्री तीन मिनिटांच्या वाटेवर. पंधरा मिनिटं कुठं गेली, असं विचारलं. तो खाली मान घालून सदऱ्याचं बटण पिळत बसला.

माणूस खोटं बोलतोय एवढं कळलं की पोलिसाला वाटतं, गुन्हा उघडकीला आला. खोटं कशासाठी बोलतोय हा प्रश्न आपण नंतर विचारतो. मी त्याला जीपमध्ये घालून ठाण्यात आणलं. बाराचा सुमार. माझ्या डोक्यात एकच घड्याळ चालू होतं, बाईंच्या साखरेचं. मी टेबलावर हात आपटला, आवाज चढवला, त्याच्या बायकापोरांचं नाव काढलं, आत टाकायची भाषा केली. अर्ध्या तासानं तो रडायला लागला.

"सायब, मी मागं लाँड्रीच्या भिताडाला लागून फोनवर हुतो," तो म्हणाला. "घरात म्हस अडलीती. रेडकू आडवं आलतं. बायकू एकटी. डाक्टर म्हणत हुता, मालकाला इचारा, म्हस राखायची का रेडकू. ड्युटीवर मोबाईल आणला म्हणून मला एक मेमो मिळालाय. दुसरा मिळाला तर नोकरी जाती."

मी त्याच्याकडून नंबर घेऊन कोडोलीच्या जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला. डॉक्टरनं सगळं जुळवून सांगितलं, वेळेसकट. म्हैस सुटली होती, रेडकूही जगलं होतं. बिचाऱ्याला ते तोवर ठाऊकही नव्हतं, कारण फोन आम्ही जप्त केला होता. मी त्याला ते सांगितलं तर त्यानं डोळे पुसले आणि विचारलं, "रेडी हाय का रेडा?"

इथं मी एक गोष्ट कबूल करतो. माझी खात्री झाली होती की हा माणूस निर्दोष आहे. तरी मी त्याला सोडलं नाही. वरिष्ठांचे दोन फोन येऊन गेले होते, दारात पत्रकार उभे होते, आणि एक संशयित ताब्यात आहे असं म्हणता येत होतं. तिकडे मॅनेजरनं त्याच्या निलंबनाचं पत्र टाईप करून सहीला ठेवलं होतं.

दीडच्या आसपास खबर आली. बसस्टँडजवळच्या एका रिक्षावाल्यानं आमच्या शिपायाला सांगितलं की सकाळी साडेनऊला पांढऱ्या केसांची, चष्मेवाली एक एकटी म्हातारी त्यानं गडमुडशिंगीला सोडली. मी मुलाला विचारलं. तो उडालाच. आईचं माहेर गडमुडशिंगीच. तिची मावसबहीण, वयानं चार-पाच वर्षांनी मोठी, तिथं अजून होती. बाई कॅमेऱ्याला चुकवून कशी गेली, अनवाणी कशी गेली, हे मी बाजूला ठेवलं. मुलाला जीपमध्ये घेतलं आणि सायरन लावून निघालो.

खबर साफ खोटी निघाली. म्हणजे रिक्षावाला खोटं बोलला नव्हता. त्यानं सोडलेली म्हातारी डोळ्याचं ऑपरेशन दाखवून घरी आलेली दुसरीच कुणी होती आणि दारात बसून भाकरी खात होती. तासभर वाया गेला होता. मुलगा म्हणाला, इथवर आलोय तर मावशीला सांगून जाऊ. मी घड्याळ बघत कसाबसा हो म्हटलं.

मावशीचं घर गावाच्या कडेला, विहारापलीकडे. स्लॅबचं घर, स्वच्छ सारवल्यासारखी फरशी, भिंतीवर बुद्धाची आणि शेजारी निळ्या कोटातली तसबीर. मावशी पंचाहत्तरीची, काटक. भाच्याचं तोंड बघून ती उठून उभी राहिली. मी तिला थोडक्यात सांगितलं. कुठला बंगला, कुठली खोली, दाराबाहेर कुणी आलेलं नाही.

तिनं भाच्याला खाटेवर बसवलं. मग म्हणाली, "पावणं, तुमी म्होरल्या दारानं हुडकाय लागलाय व्हय? ती म्होरल्या दारानं कशाला जाईल? आमी कवा म्होरनं गेलतो?"

मला काहीच कळेना. तिनं मला बसायला सांगितलं, मी बसलो नाही, तर तिनं उभ्या उभ्याच सांगितलं. बाईंची आई त्या बंगल्यात न्हाणीघरं धुवायच्या कामाला होती. साहेबलोकांच्या खोल्यांतून या बायकांनी जायचं नाही, व्हरांड्यात त्यांची सावली पडायची नाही. म्हणून बांधतानाच प्रत्येक न्हाणीघराच्या पाठीमागं मनोऱ्यातून गोल जिना काढलेला. बायकांनी मागच्या मागं चढायचं, न्हाणीघर धुवायचं, मागच्या मागं उतरायचं. ह्या दोघी मावसबहिणी लहानपणी आईच्या मागं जायच्या आणि जिन्यात बसून राहायच्या.

"ती आकडे मोजाय त्याच पायऱ्यांवर शिकली," मावशी म्हणाली. "एकतीस पायऱ्या हायत. वरचं दार आतनंच उघडतंय बगा. भायेरनं त्याला कडी न्हाय, मूठ न्हाय, काय न्हाय. आतल्यानं उघडलं तरच आत. दीक्षा घेतली त्या साली माझ्या मावशीनं झाडू त्या जिन्यातच ठिवला, आन् परत त्या बंगल्याचं तोंड बघितलं न्हाय."

मी विचारलं, आतून ते दार ओळखायचं कसं.

"खुंटी," ती म्हणाली. "चौथी खुंटी फिरती."

माझ्या डोळ्यांपुढं मी घडी घालून टांगलेला टॉवेल आला. मी तिथूनच महिला हवालदाराला फोन लावला. ती हॉटेलातच थांबली होती. तिला म्हटलं, न्हाणीघरात जा, चौथ्या खुंटीवरचा टॉवेल काढ आणि खुंटी फिरव, फोन चालू ठेव. आम्ही पळत जीपमध्ये बसलो. फोनमध्ये तिची पावलं ऐकू येत होती, मग तिचं पुटपुटणं, मग एक खट्ट आवाज, आणि मग ती जिन्यात हाका मारतेय ते. हाका खोल खोल जात राहिल्या. हायवेच्या पुलाखाली आलो तेव्हा तिचा आवाज परत आला.

"सायब, बाई हायत. तळाला बसल्यात. बोलत्यात."

मी ड्रायव्हरला जीप कडेला घ्यायला लावली. खरं म्हणजे थांबायचं काही कारण नव्हतं. पण मुलगा दार उघडून खाली उतरला आणि रस्त्याकडेच्या दगडावर बसून लहान पोरासारखा रडला, आणि मलाही दोन मिनिटं पाहिजेच होती. पस्तीस वर्षांत मी अनेक फोन घेतले. त्या एका वाक्याइतकं हलकं मला कधीच वाटलं नाही.

झालं होतं ते असं. बाईंना तो जिना एकदा एकट्यानं बघायचा होता. मुलगा-सून खाली गेल्यावर त्यांनी खुंटी फिरवली. दार जिन्याच्या बाजूला उघडणारं, त्यामुळं बिजागऱ्या आतून दिसत नव्हत्या. दुरुस्तीच्या वेळी रंग खरवडून पॉलिश करणाऱ्यांनी ते मोकळं केलं होतं, पण हा एक चौकोन वेगळा का, असं कुणी विचारलं नव्हतं. बाई अनवाणी उतरल्या, कारण लहानपणी तशाच चढायच्या. न्हाणीघराचा वास खोलीत जाऊ नये म्हणून ते दार आपोआप मिटेल असं कलतं बसवलेलं होतं. ते मिटलं. खालचं दार विटांनी बुजवलेलं. खालचे झरोके लाँड्रीच्या शेडनं झाकलेले, त्या अंधारात शेवटच्या पायऱ्यांवर पाय मुरगळला आणि त्यांना वर चढता येईना. त्यांनी हाका मारल्या, दगडानं भिंत ठोकली, पण भिंतीपलीकडे लाँड्रीची यंत्रं चालू होती. कानाचं यंत्र वर राहिल्यानं आमची धावपळही त्यांना ऐकू आली नाही.

मी पोचलो तेव्हा त्या तळच्या पायरीवर पाय लांब करून बसल्या होत्या. लहानखुऱ्या, पांढरी कॉटनची साडी, चष्म्यावर धूळ. महिला हवालदार त्यांना साखरेचं पाणी पाजत होती. साखर उतरून त्यांचं काही होऊ शकलं असतं, पण हॉटेलवाले रात्री उशीवर चॉकलेट ठेवतात, ते त्यांनी नातवासाठी म्हणून कमरेच्या बटव्यात टाकलं होतं आणि घेरी यायला लागल्यावर खाल्लं होतं. त्यांनी माझ्या खांद्यावरचे स्टार बघितले आणि वर्गात उशिरा आलेल्या पोराकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं.

"सहा तास लागले तुम्हाला," त्या म्हणाल्या.

मी चुकलं म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

मुलगा त्यांच्या पायाशी बसला. त्यानं विचारलं, आई, मला हे कधी सांगितलं का नाहीस. त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "तुला हा बंगला पुढून दाखवायचा होता रे." जिन्याच्या कोपऱ्यात खराट्याच्या चार काड्या आणि कुजलेला सुंभाचा तुकडा पडला होता. तो त्यांच्या आईचाच होता का, हे मी विचारलं नाही. त्यांनी मात्र त्यातली एक काडी रुमालात बांधून घेतली.

डॉक्टरांनी पाय बांधला. मग रीतसर पंचनामा आणि जबाब. माझ्या फौजदारानं जिन्याच्या पायऱ्या मोजून एकतीस लिहिल्या. बाईंनी जबाब पूर्ण वाचला, शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या आणि पायऱ्यांच्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाल्या, बत्तीस. फौजदारानं पुन्हा जाऊन मोजल्या. एकतीस. मावशीनंही एकतीसच सांगितल्या होत्या. बाईंचं वय झालंय, दिवसभराचा शीण आहे, असं समजून आम्ही वाद घातला नाही. बत्तीस लिहिलं, त्यांनी सही केली.

रूमबॉयला मी स्वतः जीपनं हॉटेलवर आणून सोडला. मॅनेजरसमोर त्याची माफी मागितली आणि ते टाईप केलेलं पत्र मागून घेऊन फाडलं. रूमबॉयला वेगळंच दुःख होतं. तो म्हणाला की फोनवर बोलताना भिंतीतून टकटक ऐकू आलती, मला वाटलं मशीनचा पट्टा सैल झालाय. बाईंनी ते ऐकलं आणि त्याला जवळ बोलावून विचारलं, म्हैस बरी आहे ना. रेडी झाली म्हटल्यावर त्या हसल्या. त्या दिवशीचं त्यांचं ते पहिलं हसू.

हॉटेलवाल्यांना एकच घाई, प्रकरण मिटवायची. भाडं घेणार नाही, पुढच्या वर्षी पुन्हा या, आणि तो धोकादायक जिना उद्याच्या उद्या पक्का बुजवतो. बाई म्हणाल्या, "भाडं घ्या. जिना बुजवू नका. त्या दाराला बाहेरच्या बाजूनं मूठ लावा."

या प्रकरणाचा तपास तिथं संपला. मिसिंगच्या नोंदीपुढे सापडल्या असा शेरा पडला आणि फाईल बंद झाली. मी निवृत्त झालो. साधारण वर्षभरानं बायकोला घेऊन त्याच हॉटेलात चहाला गेलो. दर वाचून या वेळी माघारी फिरलो नाही. पुस्तिका नवी छापली होती. त्यात मनोऱ्यांपुढचा शोभेचा हा शब्द गेला होता आणि ते कशासाठी बांधले ते चार ओळींत सरळ लिहिलं होतं. मॅनेजरही नवा होता. मी त्याला ओळख सांगितली आणि जिना बघायला मिळेल का विचारलं. लाँड्री हलवलेली होती, खालची वीट काढून दार बसवलेलं होतं, आत दिवे होते.

मी खालून चढलो. पायऱ्या मोजत. एकतीस झाल्या आणि समोर बंद दार आलं. त्यावर पितळी मूठ होती. मी ती फिरवली, दार माझ्याकडे ओढलं, आणि उंबऱ्याच्या आत, न्हाणीघराच्या बाजूला, मला आणखी एक पायरी दिसली, दगडाचीच, बाकीच्यांसारखीच. जिन्यात उभं राहून मोजणाऱ्याच्या हिशेबात ती येत नाही. आमच्या फौजदारानं दोन्ही वेळा जिन्यात उभं राहूनच मोजलं होतं. मावशीनंही. आणि लहानपणी बाईंनीसुद्धा. ती पायरी त्यांनी पहिल्यांदा मोजली ती सत्तराव्या वाढदिवशी, खोलीच्या आतून निघताना.

मला त्या प्रकरणानं काय शिकवलं असं कुणी विचारलं तर मी सांगतो, इमारत बांधली कुणी आणि विकत घेतली कुणी हे मालक सांगेल, पण ती धुतली कुणी हे आधी विचारा. मी चार दिवस त्या बंगल्यात पहारा दिला होता आणि तो मला माहीत आहे असं तीस वर्षं समजत होतो. मी नेहमी पुढच्या दारानं जात होतो, एवढंच त्याचं कारण.

मी बत्तीसाव्या पायरीवर पाय ठेवून आत गेलो. चौथ्या खुंटीवर टॉवेल होता. तो मी काढला आणि पाचव्या खुंटीवर टांगला.